खोल्यांच्या यादीतलं एकोणिसावं नाव

अर्धी जमीन सारवून झाली होती. हाती पोतेरं घेऊन गुडघ्यांवर मागं सरकत सरकत जयवंता चुलीपाशी आली होती, तेवढ्यात दारातून हाक आली.

"उत्तमराव, हाय का घरी? नाव लागलं तुमचं!"

हाक देणारा नत्थुजी, खोल्यांच्या कचेरीतला चपराशी. जमीन ओली, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा होता.

खाटेवरून उत्तमराव खोकत म्हणाला, "कुठं लागलं? मसनात?"

"तिथं यादी नसते जी, जो आला त्याले जागा. सरकारी खोल्यांत लागलं. एकोणिसावं!"

जयवंतानं पोतेरं बादलीत टाकलं आणि शेणानं भरलेले हात तसेच जोडले, फळीवरच्या देवीकडे तोंड करून. नत्थुजीनं तिच्याकडून झेंडूची दोन फुलं मागून कानावर खोवली आणि तो पुढच्या घरी गेला.

ही गोष्ट शके अठराशे साठची. अमरावतीत नाल्याच्या काठानं माळ्यांची पंधरावीस घरं होती. घरं म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर. श्रावण लागला की नाल्याचं पाणी जमिनीखालून वर यायचं. भिंतीला हात लावला तर हाताला माती लागायची. दोन वर्षांपूर्वी पुरात तीन घरं बसली, एक म्हातारी गेली, मग सरकारला जाग आली आणि बडनेऱ्याच्या रस्त्याला चोवीस पक्क्या खोल्या बांधायला निघाल्या. फरशीची जमीन, दगडी जोतं, वर टिना. त्या खोल्या वाटायला एका भाड्याच्या घरात कचेरी बसली. अर्ज आले दीडशेच्या वर. तेव्हापासून नाल्याकाठच्या लोकांच्या तोंडी देवाच्या खालोखाल त्या कचेरीचंच नाव.

जयवंता फुलं विकायची. पहाटे वाडीतून फुलं आणायची, हार ओवायचे, देवीच्या देवळापुढं बसायचं. उत्तमराव आधी मोट हाकायचा. तीन वर्षांपासून छातीनं धरलं, तेव्हापासून खाट. दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध दिलं आणि वर सांगितलं, "औषध ह्याच्यातलं अर्धं काम करेल. अर्धं काम कोरडी जमीन करेल. ह्या ओलीत हा दुसरा हिवाळा काढणार नाही." पोटी लेकरू नव्हतं. दोघांचा संसार, त्यातला एक खाटेवर. जयवंतानं ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं होतं. हिवाळ्याच्या आत कोरडी जमीन. दुसरं काही तिनं त्या दिवसापासून देवीजवळ मागितलं नाही.

यादीत बसायचे नियम दोन होते. एक, अर्जदाराच्या घरी भांडीकुंडी, दागदागिना मिळून पन्नास रुपयांच्या वर माल नको. दुसरा, अर्जदार नाल्याकाठच्या त्या घरातच राहत असला पाहिजे. तपासणीला माणूस कधीही येईल. घराला कुलूप दिसलं की नाव गेलं.

"पन्नासचं काय घेऊन बसले," उत्तमराव म्हणाला, "मले धरून किंमत केली तरी पाच भरत नाही."

गल्लीच्या वरच्या अंगाला, जिथं जरा उंचवटा होता, तिथं दुर्गाबाईचं घर. तिचा नवरा सहदेव वरुडच्या संत्र्यांच्या दलालीत होता. दिसायला घर जयवंताच्या घरासारखंच, मातीचं. पण मातीच्या भिंतीत काय पुरलं आहे हे बायकांना माहीत असतं. तिचाही अर्ज होता. तिचं नाव लागलं पंचविसावं.

त्या सांजेला ती येऊन जयवंताच्या उंबऱ्यावर बसली.

"एका नंबरानं गेलं व माय! चोवीस खोल्या अन मी पंचवीस. देवानं पंगतीत बसवलं अन पान वाढलं नाही."

"दुसऱ्या खेपेले लागीन न वं," जयवंता म्हणाली.

"दुसरी खेप कोणी पाह्यली? मधातल्या कोणाचं नाव कटलं तं पाहू." असं म्हणून ती हसली. जयवंताही हसली. तिला वाटलं, गंमत करून राहिली.

भाद्रपद लागला. वऱ्हाडात ज्याच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात, त्याच्या घरी त्या तीन दिवसांत गरिबी राहत नाही. राहत नाही म्हणजे दिसू देत नाहीत. कोणाकडून परात आणावी, कोणाकडून समई, कोणाकडून भरजरी लुगडं. पण दोघी बहिणी माहेरी आल्या तर त्यांना भरलं घर दिसलं पाहिजे. जयवंताच्या सासरचे मुखवटे पितळेचे, तीन पिढ्यांचे. तेवढं एकच पितळ तिच्या घरी होतं.

तिच्या मायनं तिला लहानपणी शिकवलं होतं, की त्या तीन दिवसांत घरात 'नाही' हा शब्द उच्चारायचा नाही. मीठ सरलं तर मीठ वाढलं म्हणायचं. दिवा गेला तर दिवा मोठा झाला म्हणायचं. आणि देवीच्या अंगावरचं लेणं उसनं आहे असं तिच्यासमोर बोललं तर ती पुढच्या वर्षी त्या घराचा उंबरा चढत नाही. जयवंतानं हे कधी मोडलं नव्हतं. एका वर्षी घरात दाणा नव्हता तेव्हाही "कोठी भरली हाय" म्हणत तिनं शेजारच्या घरून ज्वारी आणली होती.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी दुर्गाबाई फडक्यात काहीतरी गुंडाळून आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत येत नाही वं. आमच्यात सुतक हाय. वरुडले चुलत सासरा गेला. यंदा आमच्या घरी माय बसणार नाहीत."

"अरे देवा."

"मी काय म्हणतो, आमच्या देवीच्या नावानं काढलेलं लेणं हाय, थे दरसाल तिच्या अंगावर चढलंच पाह्यजे. पेटीत ठेवलं तं दोष लागते. तुह्या माईले घाल यंदा. लेणं घरातलं नाही, देवीचं हाय, त्याले सुतक नाही. अन मोठी परात, पाण्याचे दोन गुंड, समया, थेही पाठवतो."

फडक्यात पुतळ्यांची माळ होती, चांदीचे गोठ होते, एक सोन्याची एकदाणी होती. जयवंतानं आयुष्यात एवढं सोनं हातात धरलं नव्हतं.

"जपून ठेवजो," दुर्गाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर देवी उठल्या की दिवे लागायच्या आत वापस."

खाटेवरून उत्तमराव म्हणाला, "दुर्गाबाई, एवढी माया कावून आली आज?"

"देवीसाठी जी. तुमच्यासाठी नाही."

"थेच म्हणतो मी."

आता जे दुर्गाबाईला माहीत होतं आणि जयवंताला नव्हतं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. नत्थुजीनं सहदेवच्या घरी चहा पिता पिता सांगितलं होतं की आवाहनाच्या दिवशी दुपारून कचेरीतले कारकून कमलाकांत बाबू नाल्याकाठी तपासणीला निघणार आहेत. सुतक खरं होतं. देवीचं लेणं तेही खरं. खोटं काहीच नव्हतं. पण त्या दिवशी दुर्गाबाईच्या घरात एक फुटका तवा आणि दोन मातीची मडकी तेवढी उरली होती.

आवाहनाच्या दिवशी मुहूर्त चार वाजताचा होता. जयवंतानं उंबऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली. कोठ्यांवर लुगडी नेसवून ठेवली, गळ्यात माळ, हातात गोठ, समया तेवलेल्या. शेजारच्या दोघी बाया ताट आणि पळी घेऊन उभ्या होत्या. जयवंता मुखवटे दोन्ही हातांवर घेऊन दारातून पावलावर पाऊल ठेवत निघाली.

ताटावर पळी वाजली. बाया विचारू लागल्या.

"महालक्ष्म्या आल्या, कशाच्या पावलानं आल्या?"

"सोन्याच्या पावलानं आल्या."

"काय घेऊन आल्या?"

"सोनं-रुपं घेऊन आल्या. कोठी भरून आल्या. हंडे-परातींनी घर भरलं."

दारात सायकल लागली. कमलाकांत बाबू, डोक्यावर टोपी, बगलेत वही, नुसते उभे राहून ऐकत होते. चांगल्या घरचा माणूस, म्हणून देवीचं चालू आहे तोवर त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मुखवटे बसले, आरती झाली, मग त्यांनी चपला बाहेर काढून आत डोकं घातलं. समयांच्या उजेडात गळ्यातली माळ चमकत होती.

"बाई, खोल्यांच्या कचेरीतून आलो. हे सगळं तुमचंच का?"

जयवंता देवीसमोर उभी होती. हात अजून कुंकवानं लाल होते. तिच्या तोंडात 'नाही' आलं आणि जिभेवरच अडलं.

"देवीचं हाय जी. तिनं दिलं."

"म्हणजे तुमच्या घरचं."

"तिच्या घरचं, म्हणजे... आमच्या घरचंच न जी."

"कोणाकडून मागून आणलेलं तर नाही? खरं सांगा. मला लिहावं लागेल."

खाटेवर उत्तमराव उठून बसला. "साहेब, थे तं—" म्हणाला, आणि खोकला लागला. खोकता खोकता तो हातानं वरच्या गल्लीकडे दाखवू लागला. जयवंतानं त्याच्याकडे असे डोळे केले की तो हात तिथंच थांबला. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याला डोळे दाखवले ते त्या एकाच दिवशी.

"घरचंच हाय," ती म्हणाली. "भरलेलं हाय. सारं भरलेलं हाय."

मग तिनं कमलाकांत बाबूंच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी ती खाल्ली, देवीला नमस्कार केला, वहीत चार ओळी लिहिल्या आणि सायकल घेऊन वरच्या गल्लीला वळले. वर दुर्गाबाई फाटक्या लुगड्यात अंगणात बसून चूल पेटवत होती.

तिसऱ्या दिवशी देवी उठल्या. दिवे लागायच्या आत जयवंतानं सारं लेणं धुऊन पुसून परत नेलं. दुर्गाबाईनं एकएक पुतळी मोजली. "एखादी इकडं तिकडं गेली नाही न वं? नाही, गरिबाघरी जाऊन आलं म्हणून पाहतो." जयवंता म्हणाली, "पाहून घे माय, बिनघोर." आणि हलक्या मनानं घरी आली.

घटस्थापनेच्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर पक्की यादी लागली. जयवंताला वाचता येत नव्हतं. नत्थुजीनं बोट ठेवून वाचलं.

"सतरा, अठरा... एकोणिसावर लाल रेघ हाय व बाई. उत्तमराव कटले. खालचे एकएक नंबर वर सरकले. चोविसावर दुर्गाबाई सहदेव आल्या."

"रेघ म्हणजे?"

"रेघ म्हणजे रेघ. तुमच्या घरी दोनशे-अडीचशेचा माल निघाला. सोनं वापरता, अन खोली मागता? सरकार काय येडं हाय?"

ती तिथंच खाली बसली. लोक तिला ओलांडून यादी पाहत होते. कोणी म्हणालं, "उठ व बाई, रस्ता देय." तेव्हा ती उठली.

उत्तमरावाला सांगितलं तेव्हा तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "मी सांगतच होतो. तुह्या डोळ्यांनी मले बसवलं."

"देवीपुढं कसं बोलू जी?"

"देवी खोलीत राहणार होती का मी?"

तक्रारीसाठी अर्ज करता येतो असं कोणी सांगितलं. जयवंतानं देवळातल्या एका भटजीकडून अर्ज लिहवून घेतला. सुनावणीला आठ दिवसांनी बोलावलं. मोठे साहेब टेबलामागं, बाजूला कमलाकांत बाबू वही घेऊन. दुर्गाबाईला साक्षीला बोलावलं होतं. ती आली तीच ठिगळांच्या लुगड्यात, हातात काचेच्या दोन बांगड्या.

"दुर्गाबाई, ते दागिने तुमचे होते असं ही बाई म्हणते."

"माहे? साहेब, माह्या अंगाकडे पाहा. माह्यावर काय दिसून राह्यलं? सोनं असतं तं मी नाल्याकाठी राह्यली असती?"

"दुर्गाबाई!" जयवंता म्हणाली. "तू फडक्यात बांधून आणलं वं! सुतक हाय म्हणाली! आईची शपथ घेऊन सांग!"

"सुतकाचा माणूस दुसऱ्याच्या देवीपाशी जातो का साहेब? तुमच्यात जातो का? हिच्या घरी मी उंबरासुद्धा ओलांडला नाही. विचारा तिले."

साहेबांनी जयवंताकडे पाहिलं. "ओलांडला का?"

"नाही जी. उंबऱ्याबाहेरूनच दिलं."

"कोणी पाहिलं?"

"माह्या घरच्यांनी पाह्यलं."

"घरच्यांची साक्ष चालत नाही. आता मला सांगा, बाबू विचारत होते तेव्हा तुम्ही आपल्या तोंडानं सांगितलं की घरचंच आहे. तेव्हा खोटं बोललात की आता बोलता?"

जयवंता म्हणाली, "तेव्हा देवीपुढं बोलली होती साहेब. त्या तीन दिवसांत नाही म्हणत नसतात."

साहेब हसले. कमलाकांत बाबू मात्र हसले नाहीत, वहीत पाहत राहिले. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत होत्या. ते बोलले असते तर कदाचित काही झालं असतं. पण वहीत लिहिलेलं एकदा आपणच खोडायचं म्हणजे नोकरीतली चूक कबूल करायची. त्यांनी वही मिटली.

"मग असं करा," साहेब म्हणाले, "देवीपुढं बोललेलं खरं, कचेरीपुढं बोललेलं खोटं. आम्ही देवीचंच ऐकतो."

खोलीत जेवढे होते तेवढे हसले. नत्थुजी तर दाराला टेकून हसला. दुर्गाबाईनं तोंडाला पदर लावला.

शेवटी साहेबांना थोडी दया आली, किंवा जेवायची वेळ झाली. पुढच्या साली आणखी वीस खोल्या निघणार होत्या. त्या यादीत उत्तमरावाचं नाव शेवटी घातलं, आधीच्या चोवीस धरून एकेचाळिसावं. होळीपर्यंत पुन्हा तपासणी होईल, घरात माल दिसला किंवा कुलूप दिसलं तर कायमचं नाव जाईल, असं वाचून दाखवलं. जयवंतानं अंगठा दिला.

बाहेर आल्यावर दुर्गाबाई तिच्याजवळून गेली. हळूच म्हणाली, "लेणं वापस देऊन टाकलं ते टाकलं वं. ठेवून घेतलं असतं तं आज माहं तोंड बंद असतं. तुलेच अक्कल नाही." आणि पुढं निघाली. कोजागिरीला ती बडनेऱ्याच्या रस्त्यावर राहायला गेली. वरचं घर सहदेवनं एका गवळ्याला म्हशी बांधायला दिलं.

कार्तिकात थंडी पडू लागली तशी जमिनीतली ओल खाटेच्या पायांवर चढली. उत्तमरावाच्या थुंकीत रक्त आलं. अकोल्याहून जयवंताचा भाऊ चंद्रभान आला. तो तिथं कापसाच्या एका जिनात राखणदार होता. जिनाच्या मागं त्याला एक खोली होती, कापसाच्या गोण्यांना लागून, कोरडी ठणठणीत.

"जवाईले मी घेऊन जातो," तो म्हणाला. "अन तूही चाल."

"मी आली तं कुलूप लागते भाऊ."

"लागू देय कुलूप. चुलीत जाय ती खोली."

उत्तमराव खाटेवरून म्हणाला, "एकदा तिनं नाव घालवलं, आता दुसऱ्यांदा घालवणार नाही. ती इथंच राहीन. जयवंता, ऐकून ठेव. खोली भेटल्याशिवाय मले तुहं तोंड दाखवू नको."

हे तो रागानं म्हणाला की आशेनं, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. चंद्रभाननं त्याला पाठीवर घेऊन टांग्यात बसवलं. टांगा वळेपर्यंत उत्तमराव मागं वळून पाहत होता, पण तिच्याकडे नाही, घराकडे.

त्यानंतर जयवंताचं फुलं विकणंही अर्धं झालं. पहाटे वाडीत जायची, देवळापुढं घटकाभर बसायची, उन्हं वर आली की पळत घरी. दार उघडं ठेवून दारातच हार ओवायची. कोणी सायकलवाला दिसला की उभी राहायची. घरात भांडी तीन. तीही पालथी घालून समोर मांडून ठेवलेली, येणाऱ्याला मोजता यावीत म्हणून.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी टपालवाल्यानं कार्ड आणलं आणि वाचून दाखवलं. चंद्रभाननं कोणाकडून तरी लिहवलं होतं: 'जवाईचं पोट दोन दिवसांपासून काही घेत नाही. तुझं नाव काढतात. कार्ड भेटताच येणे.'

जयवंता कार्ड घेऊन कचेरीत पळाली.

"नत्थुजी, तपासणी कधी हाय? दोन दिवस अकोल्याले जाऊन येतो."

"तपासणी का सांगून येते? लगनाची तिथी हाय का ती?"

"मरून राहिले जी ते."

नत्थुजी जरा नरमला. "साहेबाले विचारा बाप्पा. माह्या हातात काय हाय?"

साहेबांना विचारलं. ते कुठंतरी बाहेर निघाले होते, एक पाय टांग्यात होता.

"दोन दिवस?" ते म्हणाले. "ज्याला दोन दिवस राहायला दुसरीकडे जागा आहे, त्याला सरकारी खोली कशाला पाहिजे? आणि मला कळलं, अर्जदारच मुळी अकोल्याला आहे म्हणतात. खरं का?"

जयवंता घाबरली. "नाही साहेब. दवाखान्यात नेलं हाय. येणार हाय."

"मग येऊ द्या. तोवर घर उघडं ठेवा."

टांगा निघून गेला. ती तिथून बडनेऱ्याच्या रस्त्यानं दुर्गाबाईच्या खोलीवर गेली. दुर्गाबाई फरशीवर पापड वाळत घालत होती.

"दुर्गाबाई, दोन दिवस माह्या घरी बस. झालं ते झालं, मी कधी तोंडातून काढणार नाही. फक्त बसून राहाय. कोणी आलं तं जयवंता वाडीत गेली म्हणजो."

दुर्गाबाईनं तिच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. "मी तिथं बसली अन बाबू इथं आला तं? मले माहं घर घालवायचं का? नियम तं नियमच असते न वं. तूच सांग, तू नियम मोडते का?" आणि पापड उलटा करून म्हणाली, "पाय तेवढा बाजूले ठेव. फरशी पुसलेली हाय."

जयवंता घरी आली. गुरुवारचं व्रत होतं. तिनं देवीपुढं कलश मांडला, पण कहाणी वाचायला कोणी नव्हतं, म्हणून पाठ होती तेवढी स्वतःच म्हटली. शुक्रवारी ती दारात बसून राहिली. शनिवारी दुपारी दोनदा उठून कपडे गाठोड्यात बांधले आणि दोनदा सोडले. बडनेऱ्याला जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा ती दारातच होती. "खोली भेटल्याशिवाय तोंड दाखवू नको" हे तिच्या कानात होतं. नाव पुन्हा घालवून अकोल्याला गेली आणि तो बरा झाला तर काय सांगायचं, हेही मनात येत होतं. बरा होईल असं ती तोवर धरून होती.

रविवारी सकाळी चंद्रभान आला. एकटाच. बगलेत उत्तमरावाचं धोतर घडी करून.

"काल दुपारी गेले," तो उभ्यानंच म्हणाला. "मोर्णा नदीच्या काठावर नेलं. तुह्यासाठी दोन पहर ठेवलं होतं वं. तू आलीच नाही."

जयवंताच्या हातात अर्धा ओवलेला हार होता. तो तिनं खाली ठेवला. मग तिनं बांगड्या फोडल्या, चंद्रभाननं अडवलं नाही. जिनात रजा नव्हती, म्हणून तो दुपारच्या गाडीनं परत गेला. जाताना म्हणाला, "आता तरी चाल." ती म्हणाली, "दहा दिवस त्यांच्या घरात दिवा पाह्यजे."

नवव्या दिवशी कमलाकांत बाबू तपासणीला आले. दार उघडं होतं. आत एक पणती, तीन भांडी आणि जयवंता. त्यांनी भांडी मोजली, चौथं आहे का म्हणून फळीवर पाहिलं, वहीत लिहिलं. मग त्यांचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं.

"उत्तमराव?"

तिनं मान हलवली.

बाबूंनी वही मिटली, पुन्हा उघडली. "बाई, अर्ज त्यांच्या नावाचा आहे. नाव मेलं की अर्ज मेला. एकेचाळीस नंबर जातो. तुम्हाला पाहिजे असेल तर तुमच्या नावानं नवा अर्ज करा. एकट्या बाईला खोली देतात की नाही ते वर विचारावं लागेल. पण आधी त्यांचा मृत्यूचा दाखला लागेल. इथं मिळणार नाही, जिथं गेले तिथला."

"अकोल्याचा?"

"अकोल्याचा. आणि," ते सायकलकडे वळता वळता म्हणाले, "आता यादीत नाव नाही, तर जाताना घराला कुलूप लावलं तरी चालेल."

तेराव्याचं गोड जेवण पाच माणसांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पहाटे जयवंता वाडीत गेली नाही. तिला बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरायची होती. अकोल्याला जाऊन उत्तमरावाच्या मृत्यूचा दाखला काढायचा होता.